बोर्ड तोच, कर्नल नवा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

एम्बेडेड बोर्डवर (यंत्राच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकावर) लिनक्स एकदा चढवणं तुलनेने सोपं असतं. तोच बोर्ड पुढची पाच-सात वर्षं नव्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) चालता ठेवणं हे खरं काम. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न त्याबद्दलच आहेत.

प्रश्न: आमचा बोर्ड ४.१९ कर्नलवर चालत होता. कर्नलमध्ये काय घ्यायचं ते ठरवणारी जुनी डॉट-कॉन्फिग फाइल ६.६ च्या सोर्समध्ये टाकून ‘मेक ओल्डडिफकॉन्फिग’ चालवलं. एकही एरर आली नाही, पण बोर्ड सुरू झाल्यावर /सिस/क्लास/जीपीआयओ ही डिरेक्टरीच नाही. रिले चालू-बंद करणारी आमची स्क्रिप्ट तिच्यावरच अवलंबून आहे. कुठे चुकलं?

तुमच्या जुन्या फाइलमध्ये ‘कॉन्फिग_जीपीआयओ_सिसएफएस=वाय’ ही ओळ नक्की असणार. पण जीपीआयओ (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणाऱ्या पिना) हाताळायची ही पद्धत ४.८ पासूनच कालबाह्य ठरवलेली आहे आणि नंतर तो पर्याय ‘कॉन्फिग_एक्स्पर्ट’च्या आड गेला. तुमच्याकडे एक्स्पर्ट बंद आहे, त्यामुळे पर्याय दिसेनासा झाला. पर्याय दिसत नसेल तर फाइलमधली ‘वाय’ केकॉन्फिग (कर्नलचे पर्याय ठरवणारी यंत्रणा) जुमानत नाही, आणि तसं सांगतही नाही. ओल्डडिफकॉन्फिगचा स्वभावच असा आहे. नाव बदललेला पर्याय ते टाकून देतं, अट पूर्ण होत नसलेला पर्याय बंद करतं आणि नव्या पर्यायांना डीफॉल्ट किंमत लावतं, सगळं एका दमात.

म्हणून ते चालवण्याआधी ‘मेक लिस्टन्यूकॉन्फिग’ चालवून नवे पर्याय कोणते आले ते वाचा. चालवल्यावर स्क्रिप्ट्स डिरेक्टरीतल्या ‘डिफकॉन्फिग’ला (हे डिफरन्सवालं, डीफॉल्टवालं नव्हे) जुनी आणि नवी फाइल द्या. ४.१९ ते ६.६ एवढ्या उडीत यादी लांबलचक निघेल, पण वजा चिन्हाच्या ओळी तरी एकेक करून वाचाच. एक दुपार जाईल, आणि ती जाऊ द्यावी असं माझं ठाम मत आहे. नव्या कर्नलांत ‘केकॉन्फिग_वॉर्न_अननोन_सिम्बॉल्स=१’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देता येतं. मग ओळखू न आलेल्या नावांबद्दल निदान इशारा मिळतो.

एक्स्पर्ट चालू करून ती डिरेक्टरी परत आणता येईल, पण स्क्रिप्ट तरीही चालेलच असं नाही. ज्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरने स्वतःचा ठरलेला आकडा मागितलेला नाही, त्याच्या पिनांना ६.२ पासून ५१२ च्या पुढचे आकडे मिळतात. रास्पबेरी पायवर पूर्वी १७ असलेली पिन ६.६ वर ५२९ होते ती यामुळेच. आकड्यांवर विसंबणारी स्क्रिप्ट आज ना उद्या चुकीचा रिले ओढणार. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर कोणतं हार्डवेअर कुठे आहे ते कर्नलला सांगणारं वर्णन) ‘जीपीआयओ-लाइन-नेम्स’ लिहून पिनांना नावं द्या आणि लिबजीपीआयओडी या लायब्ररीच्या ‘जीपीआयओसेट’ने नावानेच हाका मारा. रिलेसारखी गोष्ट आकड्याच्या भरवशावर सोडू नका.

प्रश्न: एकाच एसओसीवर (सिस्टिम-ऑन-चिप, बोर्डाची मुख्य चिप) आमचे नऊ बोर्ड आहेत. प्रत्येकाची पाच-पाच हजार ओळींची कॉन्फिग गिटमध्ये आहे. सुरक्षेचा एखादा पर्याय चालू करायचा तर नऊ फाइली उघडाव्या लागतात आणि एखादी हमखास सुटते. काही मार्ग?

हे दुखणं खुद्द कर्नलच्या सोर्सलाही झालं होतं. २०१० साली आर्म प्रोसेसरांच्या डिफकॉन्फिग (इथे डीफॉल्टवाल्या) फाइली इतक्या फुगल्या की लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी त्या काढूनच टाकायची भाषा केली. त्यातून ‘मेक सेव्हडिफकॉन्फिग’ आलं. डीफॉल्टपेक्षा वेगळे असलेले पर्याय तेवढेच ते लिहून ठेवतं. त्याच तत्त्वावरच्या एका स्क्रिप्टने छाटणी केल्यावर आर्मच्या फाइलींतून दोन लाखांच्या आसपास ओळी उडाल्या आणि तयार होणाऱ्या कर्नलमध्ये काहीच फरक पडला नाही. म्हणजे त्या ओळी कुणी ठरवून लिहिलेल्या नव्हत्या, नुसत्या साचल्या होत्या. तुमच्या नऊ फाइलींतही मुख्यतः साचलेलंच असणार.

आधी सगळ्यांवर सेव्हडिफकॉन्फिग चालवा. पाच हजारांच्या दोन-तीनशे ओळी उरतील. त्या नऊ छोट्या फाइली शेजारी शेजारी ठेवल्या की समाईक भाग आपोआप दिसतो. तो एसओसीची एक मूळ फाइल म्हणून ठेवा आणि उरलेल्याचे तुकडे करा: डिस्प्लेचा, वायफायचा, सुरक्षेचा, डीबगचा. हे तुकडे ‘मर्ज_कॉन्फिग.एसएच’ जोडून देतं. आर्च/आर्म/कॉन्फिग्स मध्ये डॉट-कॉन्फिग शेपटीच्या फाइली ठेवल्यात तर मेकलाच एकामागोमाग नावं देता येतात.

तुकडा लिहिताना प्रत्येक पर्यायावर तो का घेतला याची एक ओळ लिहा. मी हे आग्रहाने सांगतो, कारण सेव्हडिफकॉन्फिग टिप्पण्या पुसून टाकतं आणि तीन वर्षांनी ‘हा पर्याय कुणी आणि का लावला’ या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसतं. आणि जपून, या फाइलीत हॅश चिन्हाने सुरू होणारी प्रत्येक ओळ टिप्पणी नसते. ‘# कॉन्फिग_अमुक इज नॉट सेट’ ही ओळ पर्याय बंद करायचा खराखुरा आदेश आहे. साफसफाईच्या उत्साहात ती उडवली की पर्याय डीफॉल्टवर जातो.

डीफॉल्टचीच आणखी एक गोम आहे. आज अमुक पर्यायाचं डीफॉल्ट ‘वाय’ आहे म्हणून सेव्हडिफकॉन्फिग तो लिहीत नाही. पुढच्या आवृत्तीत ते ‘एन’ झालं तर तुमच्या हातून तो निसटला. म्हणून ज्याच्याशिवाय बोर्ड बोर्ड राहत नाही ते सगळं, म्हणजे वॉचडॉग, रूट फाइलसिस्टिम, पॉवर मॅनेजमेंटची चिप, सुरक्षेचे पर्याय, डीफॉल्ट काहीही असो, तुकड्यात स्पष्ट लिहा. मर्ज_कॉन्फिग शेवटी सांगतं की मागितलेली किंमत अंतिम फाइलमध्ये आली नाही. हा इशारा लॉगमध्ये वाहून जाऊ देऊ नका. तो दिसला की बिल्ड अडलंच पाहिजे अशी सोय करा.

आणि नऊ बोर्डांना नऊ कर्नल खरंच लागतात का, हेही तपासा. ६४-बिट आर्मच्या मूळ सोर्समध्ये सगळ्या कंपन्यांच्या बोर्डांसाठी मिळून एकच डिफकॉन्फिग आहे. बोर्डाबोर्डांतला फरक सांगायला डिव्हाइस ट्री आहेच. फ्लॅश फारच तोकडी नसेल तर एक कर्नल आणि नऊ डीटीबी (कंपाइल केलेल्या डिव्हाइस ट्री फाइली) हाच सुखाचा मार्ग.

प्रश्न: आयटूसीवर (चिपा जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवर) प्रेशर सेन्सर जोडलाय. ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, डिव्हाइस ट्रीमध्ये नोड आहे, पत्ता ७६ हेक्स. तरी प्रोब (ड्रायव्हर उपकरणाचा ताबा घेतो ती पायरी) होत नाही. प्रोब फंक्शनच्या पहिल्याच ओळीत प्रिंट टाकून पाहिलं, ते उमटतच नाही.

असाच एक सेन्सर मला अर्धा दिवस घेऊन बसला होता. ऑसिलोस्कोप लावून घड्याळाची लाइन पाहत होतो आणि चूक तिथे नव्हतीच. त्यातून जो क्रम हाती आला तो सांगतो.

पहिल्यांदा बूटलोडरने नक्की कोणती डीटीबी उचलली ते बघा. आपण एक फाइल बदलत असतो आणि बोर्ड दुसऱ्याच पार्टिशनवरची जुनी वाचत असतो, हे वरचेवर घडतं. चालू बोर्डवर /प्रॉक/डिव्हाइस-ट्री मध्ये जाऊन तुमचा नोड शोधा. सोर्स काय म्हणतो ते सोडा, इथे जे दिसेल ते खरं. नोड असेल तर ज्या बसखाली तो आहे तिचा स्टेटस बघा. एसओसीच्या डीटीएसआय (डिव्हाइस ट्रीच्या समाईक सोर्स) फाइलमध्ये आयटूसी कंट्रोलर बहुधा ‘डिसेबल्ड’ असतात. बोर्डाच्या फाइलने त्यांना ‘ओके’ करायचं असतं.

मग /सिस/बस/आयटूसी/डिव्हाइसेस मध्ये ‘१-००७६’ असं काही आहे का ते पाहा (पहिला आकडा बसचा). तेच नसेल तर दोष डिव्हाइस ट्रीत किंवा बसच्या ड्रायव्हरमध्ये. ते आहे पण आत ‘ड्रायव्हर’ नावाची लिंक नाही, तर दोनच शक्यता उरतात. एक म्हणजे ‘कम्पॅटिबल’ची अक्षरं ड्रायव्हरच्या तक्त्याशी जुळत नाहीत. तिथे स्वल्पविरामाच्या जागी हायफन पडला तरी जुळणी होत नाही.

दुसरी शक्यता म्हणजे हे उपकरण कुणाची तरी वाट बघतंय, आणि तुमचं प्रिंट उमटत नाही त्यावरून मला हीच वाटते. ५.१३ पासून कर्नल डिव्हाइस ट्री वाचून कोण कोणावर अवलंबून आहे ते स्वतःच ठरवतो, आणि पुरवठादार तयार झाल्याशिवाय ग्राहकाचं प्रोब बोलावतच नाही. डीबगएफएस माउंट करून /सिस/कर्नल/डीबग/डिव्हाइसेस_डिफर्ड ही फाइल वाचा. अडलेल्या उपकरणांची नावं तिथे असतात, बहुतेक वेळा कारणासकट.

माझ्या त्या फाइलीत सेन्सरच्या नावापुढे ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरचं नाव होतं. तो रेग्युलेटर कायम चालूच असतो. पण डिव्हाइस ट्रीमध्ये तो ‘रेग्युलेटर-फिक्स्ड’ म्हणून लिहिला होता आणि ‘कॉन्फिग_रेग्युलेटर_फिक्स्ड_व्होल्टेज’ बंद होतं. सेन्सरच्या नोडमध्ये पुरवठ्याचा उल्लेखच नसता तर कर्नलने डमी रेग्युलेटर धरून काम चालवलं असतं. उल्लेख आहे आणि ड्रायव्हर नाही, म्हणून तो थांबून राहिला. एक पर्याय चालू केला आणि सेन्सर बोलू लागला.

प्रश्न: ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधावा की मॉड्यूल करावा? काही नियम आहे का?

इनिटरॅमएफएस (बूट होताना मेमरीत उघडणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) वापरत नसाल तर रूट फाइलसिस्टिमपर्यंत पोहोचायला जे जे लागतं ते सगळं आत हवं: स्टोरेज कंट्रोलर, फाइलसिस्टिम, आणि त्यांना लागणारे क्लॉक, पिनकंट्रोल, रेग्युलेटर. यातला एक जरी मॉड्यूल राहिला तर ‘अनएबल टु माउंट रूट एफएस’ म्हणत कर्नल पॅनिकमध्ये जातो, कारण मॉड्यूल ज्या डिस्कवर आहे ती उघडायला तेच मॉड्यूल लागतं.

वायफायचं उलट आहे. त्याला फर्मवेअरची फाइल लागते. ड्रायव्हर आत बांधला तर तो रूट माउंट होण्याआधीच ती मागतो, ‘फेल्ड विथ एरर -२’ पदरात पडतं आणि वायफाय येत नाही. अशांना मॉड्यूलच ठेवा.

प्रश्न: ६.१ वरून ६.६ वर आलो. ३२-बिट आर्म बोर्ड आहे. आमची बिल्ड स्क्रिप्ट म्हणते डीटीबी सापडत नाही.

६.५ मध्ये आर्च/आर्म/बूट/डीटीएस मधल्या फाइली कंपनीनिहाय उपडिरेक्टरींत हलवल्या. बीगलबोन ब्लॅकची फाइल आता टीआय/ओमॅप खाली आहे, आय.एमएक्सच्या फाइली एनएक्सपी/आयएमएक्स खाली. स्क्रिप्टमधला मार्ग बदला. किंवा ‘मेक डीटीबीज_इन्स्टॉल’ वापरा, ते ३२-बिट आर्मसाठी पूर्वीसारखंच सगळं एका डिरेक्टरीत ठेवतं.

प्रश्न: चिपच्या कंपनीने दिलेला कर्नल जुना आहे, वर आमचे स्वतःचे दोन ड्रायव्हर सोर्सच्या बाहेर आहेत. दर अपग्रेडला ते कंपाइल होत नाहीत. मूळ कर्नलकडे जावं का? इतका वेळ कुठून आणायचा?

जावं. वेळ तुमचा आत्ताही जातोच आहे. कर्नलच्या आत ड्रायव्हरसाठीचे इंटरफेस स्थिर ठेवायचे नाहीत हे धोरण जाहीर आहे. ६.१ मध्ये आयटूसी ड्रायव्हरच्या रिमूव्हचा रिटर्न प्रकार व्हॉइड झाला, ६.४ मध्ये ‘क्लास_क्रिएट’चा एक आर्ग्युमेंट गेला, ६.११ मध्ये प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचा रिमूव्हही व्हॉइड झाला. जो बदल करतो तोच सोर्समधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून देतो. तुमचे दोन बाहेर आहेत, म्हणून ते काम तुमच्याकडे येतं.

जुन्याच कर्नलवर ठाण मांडून बसणंही आता अवघड होत चाललंय. काही एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) आवृत्त्यांना सहा वर्षं सांभाळलं जायचं. सांभाळणारी माणसं मोजकी आणि जुन्या आवृत्त्या वापरणारे कमी, म्हणून २०२३ मध्ये मुदत दोन वर्षांवर आणायचं जाहीर झालं. फारच लांब आयुष्य लागणाऱ्या उपकरणांसाठी सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा प्रकल्प ४.१९, ५.१०, ६.१ अशा निवडक आवृत्त्या दहा वर्षांच्या हिशेबाने सांभाळतो. पण तोही तुमच्या कंपनीच्या कर्नलमधले खास पॅच सांभाळणार नाही.

सुरुवात अशी करा. कंपनीचा कर्नल ज्या मूळ आवृत्तीवरून निघाला तिथपासूनच्या कमिटांची यादी काढा आणि वर्गवारी करा: मूळ कर्नलमधून मागे आणलेले, तुमच्या बोर्डला न लागणारे, बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीचे, आणि खरोखर नवा कोड. आकडा बघून घाबरू नका. पहिल्या दोन ढिगांतच बहुतेक यादी संपते. उरलेल्यातही आधी शोध घ्या, कारण तोच हार्डवेअर ब्लॉक दुसऱ्या कंपनीच्या चिपमध्ये वेगळ्या नावाने असतो आणि त्याचा ड्रायव्हर मूळ सोर्समध्ये आधीच असतो. माझ्या एका कामात कंपनीने दिलेला हजारभर ओळींचा ड्रायव्हर असाच गेला. त्याच्या जागी तक्त्यात एक नवी कम्पॅटिबल ओळ आणि दोन रजिस्टरांचा फरक एवढंच लागलं.

पहिला पॅच ड्रायव्हरचा पाठवू नका, बोर्डाच्या डीटीएस फाइलचा पाठवा. तो छोटा असतो, त्यावरचे शेरे समजायला सोपे असतात आणि पॅच पाठवायची रीत अंगवळणी पडते. पाठवण्याआधी ‘मेक डीटीबीएस_चेक’ आणि ‘चेकपॅच’ चालवा, कुणाला पाठवायचा ते ‘गेट_मेन्टेनर’ सांगेल. तीन-चार फेऱ्या होतील, मनाला लावून घेऊ नका. शेरा देणारा माणूस तुमच्या बोर्डासाठी स्वतःचा वेळ देतोय.

प्रश्न: बाहेर गेलेल्या जुन्या बोर्डांवर कोणती कॉन्फिग आहे तेच माहीत नाही. कशी काढायची?

/प्रॉक/कॉन्फिग.जीझेड आहे का बघा. नसेल तर कर्नलच्या इमेजवर ‘एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग’ चालवून पाहा. ‘कॉन्फिग_आयकेकॉन्फिग’ चालू असेल तरच ते काही देईल. दोन्ही हुकले तर /लिब/मॉड्यूल्स खालची ‘मॉड्यूल्स.बिल्टइन’ फाइल आणि तिथले मॉड्यूल मिळून ड्रायव्हरांची यादी तरी हाती लागते. त्यावरून कॉन्फिग पुन्हा उभी करता येते, वेळ मात्र लागतो. पुढच्या बिल्डमध्ये आयकेकॉन्फिग आणि त्याचा प्रॉकवाला पर्याय दोन्ही चालू करा. कॉन्फिग दाबून साठवली जाते, त्यामुळे जागा काही दहा किलोबाइटच लागते.