जर्मनीत इंटरव्ह्यूनंतर "दोन दिवस येऊन काम करून बघा" म्हणाले तर

तुझा प्रश्न वाचला. चान्सेनकार्टेवर (नोकरी शोधायला येण्यासाठीचा जर्मन व्हिसा) पुढच्या महिन्यात येतोयस, एका ऑटोमेशन कंपनीने व्हिडिओ कॉल झाल्यावर "दोन दिवस येऊन आमच्याबरोबर काम करून बघा, पगार नाही" असं कळवलंय आणि घरचे म्हणतायत हा फ्रॉड आहे. (बराच लहान आहेस म्हणून तू म्हणतोय हं.)

फ्रॉडच असेल असं नाही रे. याला इथे प्रोबेआर्बाइटन म्हणतात आणि छोट्या-मध्यम कंपन्यांत, वर्कशॉपमध्ये, बेकरीत, दवाखान्यात हे अगदी नेहमीचं आहे. प्रोबेत्साइट वेगळं, ते नोकरी लागल्यानंतरचं प्रोबेशन, जास्तीत जास्त सहा महिन्यांचं, दोन्हीची गल्लत करू नकोस. चान्सेनकार्टे जून २०२४ पासून सुरू झालं आणि त्यावर एका कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत असं ट्रायल काम करायला परवानगी आहे, म्हणजे व्हिसाची काळजी नाही.

पैशाचं मात्र नीट समजून घे. नुसतं बघायला, ओळख करून घ्यायला बोलावलं असेल तर बिनपगारी चालतं, पण तुला शिफ्टला लावून एका माणसाचं काम करून घेतलं तर तो पगाराचा हक्क होतो. दोन दिवस ठीक आहे, "दोन आठवडे फुकट या" म्हणाले असते तर मी सरळ नाही म्हण असं सांगितलं असतं. आणि कोणी उलट तुझ्याकडेच पैसे मागितले तर तिथेच थांब, तो फ्रॉडच.

माझंच सांगतो. श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीने मला असंच बोलावलं, पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) एक प्रोग्रॅम दिला, कन्व्हेयर मधेच थांबत होता. पुण्यातली सवय, वाटलं ही परीक्षा आहे, कुणाला विचारलं तर मार्क जाणार, म्हणून चार तास मान खाली घालून एकटाच झुंजत बसलो, चूक सापडलीसुद्धा, तरी नोकरी मिळाली नाही. फोन करून कारण विचारलं तर म्हणाले, तुम्ही आम्हाला एकही प्रश्न विचारला नाहीत, सेन्सर बदललाय हे शेजारच्या माणसाला ठाऊक होतं. फार लागलं ते मनाला. पुढच्या कंपनीत पहिल्या अर्ध्या तासातच "हे मला माहीत नाही, दाखवाल का" म्हणालो आणि तिथेच आज आठ वर्षं झाली. ते तुझं उत्तर कमी बघतात, तू अडल्यावर काय करतोस ते जास्त बघतात. जेवायला बोलावलं तर जाच, डबा घेऊन कोपऱ्यात बसू नकोस, तोही इंटरव्ह्यूच असतो.

त्या दिवशी लागलं-पडलं तर? २०१९ मध्ये इथल्या केंद्रीय सामाजिक न्यायालयाने अशाच ट्रायलच्या दिवशी ट्रकवरून पडलेल्या उमेदवाराला सरकारी अपघात विमा लागू होतो असा निकाल दिलाय. तरी सेफ्टी शूज लागतील का ते आधी विचार. प्रवासखर्चही विचार, कंपनीने स्वतः बोलावलं असेल आणि "खर्च देणार नाही" असं आधी कळवलं नसेल तर तो त्यांनी द्यायचा असतो.

तुझी बायकोपण नोकरी शोधणार आहे म्हणालास म्हणून एक. प्रेग्नंट आहात का, मूल कधी, हे विचारायची इथे परवानगी नाही, आणि विचारलंच तर तिने खोटं उत्तर दिलं तरी पुढे त्यावरून नोकरी घालवता येत नाही. तिला हे नक्की सांग, आपल्या मुली घाबरून खरं सांगून बसतात.

आता कंपनीला आजच मेल टाक: तारीख, वेळ, काम काय असणार, कोणाबरोबर असणार, हे लेखी द्या म्हणावं. नीट कंपनी असेल तर लगेच देईल. टाळाटाळ झाली तर जाऊ नकोस. काय उत्तर येतं ते कळव, पगार किती सांगायचा ते मग बोलू.