क्वेंच म्हणजे आग विझवणे की तहान भागवणे?

तुमचा प्रश्न असा की डिक्शनरीत क्वेंचचा अर्थ 'विझवणे' दिलाय, मग कोल्ड्रिंकच्या जाहिरातीत तहानेला तोच शब्द कसा. दोन्ही बरोबर आहे. आधी अर्थ आगीचाच होता, तहान नंतर आली. आपल्याकडे बघा ना, 'शमवणे' आगीलाही चालतं आणि तहान-भुकेलाही, बंबवाल्यांना आपण अग्निशमन दलच म्हणतो, त्यामुळे मला तरी क्वेंचला विझवणेपेक्षा शमवणे जास्त जवळचं वाटतं.

आता मूळ. हा जुन्या इंग्रजीतलाच शब्द, एक्स्टिंग्विशसारखा लॅटिनमधून आलेला नाही. जुन्या इंग्रजीत 'आक्विंकन' म्हणजे आपोआप विझणे आणि 'आक्वेंचन' म्हणजे दुसऱ्याने विझवणे, म्हणजे आपलं विझणे-विझवणे आहे तशीच जोडी. पुढे विझणेवाला शब्द गेला, विझवणेवाला राहिला. ड्रिंक आणि ड्रेंच पण अशीच जोडी आहे, पिणे आणि पाजणे! ड्रेंचचा अर्थ आता चिंब भिजवणे झालाय, पण गुरांना तोंडातून औषध पाजतात त्याला इंग्रजीत अजूनही ड्रेंचच म्हणतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की दिसेल त्याला सांगत सुटलो होतो.

तिसरा अर्थ मला वर्कशॉपमध्ये भेटला. सरांनी छिन्नीचं टोक लालबुंद तापवलं, सांडशीत धरून बादलीतल्या पाण्यात बुडवलं, चर्रर्र आवाज आणि नुसती वाफ, मग म्हणाले आता कानस मारून बघ. तापवायच्या आधी कानस मस्त चावत होती, आता नुसती घसरायला लागली. पोलाद असं एकदम थंड केलं की कडक होतं, हळूहळू थंड केलं तर मऊच राहतं, पण कडक झालं की ठिसूळपण होतं म्हणून परत थोडं तापवून टेंपर करावं लागतं. या बुडवण्याला क्वेंचिंग म्हणतात, पाणी नाहीतर तेल वापरतात. आमच्या गावचे लोहारकाका कोयत्याला हेच करायचे आणि म्हणायचे, "थांब जरा, पाणी पाजतोय त्याला."

वापरताना एवढं बघा की तहान, आग, तापलेलं लोखंड याला क्वेंच चालतं, पण भिंतीवर टांगलेला तो लाल सिलेंडर मात्र फायर एक्स्टिंग्विशरच, त्याला क्वेंचर कोणी म्हणत नाही.