जुन्या मिनी गाडीच्या गिअरबॉक्समध्ये प्लेटवालं लिमिटेड-स्लिप डिफरेन्शिअल (एलएसडी, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) बसवतोय, त्याला वेगळं तेल लागेल का?

नाही, इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० मिनरल तेल चालेल. गिअर ऑइल किंवा एलएसडीचं ॲडिटिव्ह (तेलात मिसळायचं रसायन) मात्र त्यात अजिबात ओतू नका. १९५९ साली आलेल्या मूळ मिनीत गिअरबॉक्स आणि डिफरेन्शिअल इंजिनाच्या खालीच, एकाच तेलात बसतात. जे डिफरेन्शिअलला घालाल ते इंजिनातल्या क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत पोहोचणार, आणि गिअर ऑइल इंजिनाची उष्णता व काजळी सोसायला बनवलेलंच नसतं.

तेलापेक्षा लोक चुकतात ते बसवताना. प्लेट्स जोडण्याआधी त्याच तेलात रात्रभर बुडवून ठेवा, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच वळणावर ओरखडतात. केज (डिफरेन्शिअलचं बाहेरचं कवच) बदलली की बाजूच्या बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) नव्याने मोजायचा. जुन्या शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) 'बसतायत ना' म्हणून तशाच ढकलू नका. क्राउन व्हीलचे (डिफरेन्शिअलच्या मोठ्या गिअरचे) लॉक टॅबही, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या पट्ट्या, नवे घ्या. फायनल ड्राइव्ह (चाकांआधीची शेवटची गिअरजोडी) हायपॉइड, म्हणजे काटकोनात फिरवणाऱ्या वक्र दातांची, नसल्यामुळे पिनियनची (त्यातल्या लहान गिअरची) खोली जुळवायची कटकट इथे नाही, तेवढंच सुख.

नंतर मोकळ्या जागेत सावकाश इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवा, मग तेल आणि फिल्टर लगेच बदला. प्लेट्सचा कीस इंजिनात फिरत राहणं परवडत नाही, म्हणून ड्रेन प्लगही चुंबकाचा हवा.

हे सगळं मिनीसारख्या सामायिक तेलाच्या गाडीपुरतंच. मागच्या ॲक्सलमध्ये वेगळं प्लेटवालं एलएसडी असेल, तर उलट हायपॉइड गिअर ऑइल आणि, तेलात आधीच नसेल तर, एलएसडीचं ॲडिटिव्ह लागतं.