भाषेची पसंती तळाच्या लायब्ररीत नेताना

वेबकिटमधलं, म्हणजे सफारीमागच्या ब्राउझर इंजिनमधलं, हे तुझं पहिलं मोठं काम, म्हणून आधी कारण समजून घे. वापरणाऱ्याला कुठल्या भाषा हव्यात हे वेबकोरला (पान मांडणारा भाग) लागतं, तसंच जावास्क्रिप्टकोरलाही (जावास्क्रिप्ट चालवणारा भाग). तारखा नि आकडे कसे दाखवायचे ते त्यावरच ठरतं. पण जावास्क्रिप्टकोर वेबकोरच्या खालच्या थरात आहे, त्याने वरच्या थरावर अवलंबून राहायचं नाही. म्हणून भाषांची पसंती वाचणारा कोड वेबकोरमधून दोघांच्याही खाली, डब्ल्यूटीएफ या तळाच्या लायब्ररीत न्यायचा.

पहिल्या पॅचमध्ये (तपासायला पाठवायच्या बदलांच्या संचात) फक्त फाइल हलव. सुधारणेचा मोह होईल, तो पुढच्या पॅचला ठेव. नाहीतर काय हललं आणि काय बदललं हे रिव्ह्यू करणाऱ्याला कळणार नाही.

खरी मेहनत प्लॅटफॉर्मच्या फरकांत आहे. मॅक भाषांची क्रमवार यादी देतो. लिनक्सवर लोकेल, म्हणजे भाषा नि प्रदेशाची खूण, मिळतो, जसं 'mr_IN.UTF-8'. त्यात अंडरस्कोर आणि टिंबापुढे एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) असतं. ते छाटून हायफनचा बीसीपी ४७ टॅग, म्हणजे भाषेची प्रमाण खूण ('mr-IN'), बनवावा लागतो. लोकेल नुसता 'सी', म्हणजे कुठलीच भाषा न सांगणारा, असेल तर? तेही सांभाळ. शिवाय वर्करही (पानामागे वेगळ्या चालणाऱ्या स्क्रिप्ट) भाषा विचारतात, म्हणजे दुसरा थ्रेड, त्याच वेळी चालणारा दुसरा धागा, आला. सामायिक यादीला लॉक हवाच, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड तिला हात लावेल.

टेस्ट नुसत्या इंग्रजीवर करू नकोस. आपल्या इंदुरात घरी मराठी, बाजारात हिंदी. मराठी, हिंदी, इंग्रजी असा क्रम लाव आणि फंक्शन तोच क्रम परत देतं का बघ. सफारीत पानाला कमी भाषा दिसल्या तर तो बग समजू नकोस. वापरणाऱ्याचा माग काढता येऊ नये म्हणून ते मुद्दाम केलेलं आहे.