नव्वद दिवस झाले, फाडफाड इंग्रजी काही आलं नाही

पत्र : सर, मी काटोलचा. बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता नागपुरात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहा हजार भरून नव्वद दिवसांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास केला. बॅचमध्ये चाळीस जण होते. मागच्या महिन्यात इथल्या मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मुलाखत झाली. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ पाठ होतं, ते धडाधड म्हटलं. मग त्यांनी मध्येच विचारलं, ‘हाऊ डिड यू कम हिअर?’ मी गप्पच. रूमवर सराव करायला गेलो की मित्र म्हणतात, ‘काऊन बे, इंग्रजी झाडून राहिला का?’ क्लासवाले सर नऊ हजारांची ॲडव्हान्स बॅच लाव म्हणतात. बाबा तयार आहेत. लावू का? की इंग्रजीचा नाद सोडून बँकेच्या परीक्षा देऊ?

उत्तर : बॅच लावू नकोस.

कॉमर्सवाला आहेस, तर आधी हिशोब कर. नव्वद दिवसांतून रविवार गेले की उरले ७७ दिवस. रोजचा एक तास धरला तर ७७ तास. तासातला निम्मा वेळ सर बोलणार. उरलेली तीस मिनिटं चाळीस जणांत वाटली तर तुझ्या वाट्याला रोज पाऊण मिनिट. म्हणजे तीन महिन्यांत तू सगळं मिळून एक तासही इंग्रजी बोललेला नाहीस. सहा हजार त्याचे गेले.

केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षा घेणारी संस्था मधल्या पातळीसाठी, म्हणजे बी-वनसाठी, अगदी सुरुवातीपासून साधारण ३५० ते ४०० तासांचं शिक्षण धरते. इलेन हॉरविट्झ या अमेरिकी अभ्यासक. भाषा शिकण्याबद्दल विद्यार्थ्यांच्या डोक्यात काय समजुती असतात, हे पाहायला त्यांनी १९८० च्या दशकात एक प्रश्नावली केली. त्यात विचारलंय, रोज एक तास दिला तर भाषा नीट बोलायला किती काळ लागेल? पर्याय ‘वर्षापेक्षा कमी’पासून थेट ‘पाच ते दहा वर्षं’पर्यंत. नव्वद दिवसांचा वेगळा पर्याय नाही. बाईंनी नागपुरात सीताबर्डीतल्या क्लासवाल्यांच्या पाट्या पाहिल्या नसाव्यात.

आता मराठी माध्यमाचं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे बारा वर्षं तू ते शिकलास. शब्द तुझ्याकडे आहेत, पण गाईडातून उत्तर उतरवण्यापलीकडे ते कधी वापरले गेले नाहीत.

तू हिंदी कोणत्या क्लासात शिकलास? बाबांसोबत संत्री घेऊन कळमन्याच्या बाजारात गेला असशील, तर तिथे भाव करताना ‘मेरे को इतने में नहीं जमता’ म्हणताना व्याकरण आठवत बसलास का? चुकलास तरी कुणी हसलं नाही, कारण अर्धं नागपूर तसंच बोलतं. हिंदी मराठीला जवळची आहे, इंग्रजी तेवढी नाही, हे कबूल. इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत नाही, आणि आपण नेमके त्याचीच वाट पाहत अडतो. वेळ जास्त लागेल, पण रस्ता तोच.

त्या मुलाखतीचंच बघ. सीताबर्डीहून मेट्रोनं खापरीला गेला असशील, पुढे ऑटो. ‘आय टुक द मेट्रो टू खापरी. देन आय टुक ॲन ऑटो.’ एवढंच तर सांगायचं होतं, आणि यातला एकही शब्द तुला नवा नाही. तू मात्र ‘पाठ केलेलं’ शोधत बसलास. तेव्हा रोज रात्री दहा मिनिटं मोबाइलवर दिवसभराचं बोलून रेकॉर्ड कर : काय खाल्लं, बस का चुकली, कोणाशी वाजलं. पाठ करायचं नाही, लिहूनही काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी ऐक, जिथे अडलास तेवढंच शोध. हसणाऱ्या मित्रांपैकी ज्याला स्वतःला नोकरी हवी आहे, असा एक जण सोबत घे. बाकीच्यांना हसू दे.

बँकेचं वेगळं आहे. सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्क (आता नाव ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’) पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. त्याला झपझप वाचता यायला हवं. बोलून दाखवायचं नसतं, क्लार्क पदाला मुलाखतही नसते. उलट स्थानिक भाषा यावी लागते, आणि महाराष्ट्रातल्या जागेसाठी ती मराठी. पण इंग्रजीला घाबरून तिकडे वळत असशील तर तिथेही ते ३० प्रश्न आहेतच. वाचन दोन्हीकडे लागणार, तेव्हा रोज एक इंग्रजी बातमी अर्थकारणाच्या पानावरची वाच. विषय तुझा असल्यानं अर्धी तशीच कळेल.

नऊ हजार बाबांकडेच राहू देत. दोन महिन्यांनी पहिल्या दिवसाचं आणि साठाव्या दिवसाचं रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐक, आणि मग मला लिही.