आधी उभं राहणं, मग रायफल : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं १० मीटर एअर रायफलबद्दल आहेत. त्यातली काही निवडून उत्तरं देत आहोत. उत्तरं उजव्या हाताच्या नेमबाजांना धरून लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या समजाव्यात.

मुलगी सहावीत आहे. पॅरिसला स्वप्नील कुसाळेचं पदक पाहिल्यापासून रायफलचा हट्ट धरून बसली आहे. कोणती रायफल घ्यावी?
– एक पालक, कोथरूड

यंदा कोणतीच नको. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत १०, २५ आणि ५० मीटरच्या रेंज आहेत, शिवाय शहरात खासगी क्लबही बरेच आहेत. जिथे क्लबची रायफल वापरायला मिळते आणि एका प्रशिक्षकामागे पाच-सहाच मुलं असतात, तिथे प्रवेश घ्या. चौकशीला जाल तेव्हा रेंजवरची शिस्त बघा. नळी कायम टार्गेटकडे आहे का, रायफल खाली ठेवताना ती रिकामी असल्याचं दाखवणारा सेफ्टी फ्लॅग नळीत घालतात का, ‘स्टॉप’ म्हटल्याबरोबर सगळे थांबतात का? या तीनपैकी एकाही गोष्टीत ढिलाई दिसली, तर तो क्लब सोडून द्या.

लगेच खरेदी न करण्याचं कारण पैशांपुरतं नाही. नियमाप्रमाणे रायफल जास्तीत जास्त ५.५ किलोची चालते आणि मोठ्यांच्या रायफली त्याच्या आसपासच असतात. उभ्याने नेम धरताना हे वजन स्नायूंवर नाही, हाडांवर तोलायचं असतं. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि पाठ किंचित मागे व उजवीकडे झुकते. अकरा वर्षांच्या पाठीवर रोज दोन तास हा भार घालू नये. सुरुवातीचे काही महिने रायफलला स्टँडचा आधार असावा, एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे आणि सोबत पोट-पाठीचे व्यायाम हवेत. शिवाय मुलांची उंची वर्षात पाच-सहा सेंटीमीटर वाढते. आज मापाने शिवलेलं जॅकेट पुढच्या वर्षी छातीवर बसत नाही.

खर्च करायचाच तर असा क्रम ठेवा : डाव्या हाताचा ग्लोव्ह, शूटिंगचे बूट, मग जॅकेट-ट्राउझर आणि सगळ्यात शेवटी रायफल. बूट जुने घेऊ नका. दुसऱ्याच्या पावलाने बसलेला तळ तोल बिघडवतो.

मी दहावीत आहे. पहिल्या २० गोळ्या बऱ्या जातात, मग पसरायला लागतात. कधी डावी-उजवीकडे, कधी वर-खाली. सर म्हणतात ‘ट्रिगर नीट दाब’. पण मला वाटतं चूक दुसरीकडेच आहे.
– पिंपरीहून

तुझं वाटणं बहुधा बरोबर आहे. गोळ्या कशा पसरतात त्यावरून चूक शोधता येते.

आडव्या पसरत असतील तर आधी पावलं तपास. रायफल खांद्याला लाव, नेम धर, डोळे मीट, दोन श्वास घे आणि तिसरा सोडून डोळे उघड. रायफल आता जिथे बघते आहे ती तुझ्या शरीराची नैसर्गिक दिशा. ती काळ्या वर्तुळाच्या डावी-उजवीकडे असेल तर हाताने ओढू नकोस, मागचं पाऊल एखादा सेंटीमीटर सरकव. हाताने ओढून आणलेली रायफल चाप दाबताना स्नायू सैल पडले की मूळ जागी परत जाते आणि गोळी तिकडेच लागते. पहिल्या विसात हे जाणवत नाही कारण हात ताजे असतात. ही तपासणी दर दहा गोळ्यांनी आणि रायफल खाली ठेवून पुन्हा उचललीस की दर वेळी करायची.

उभ्या पसरत असतील तर श्वास आणि गाल. श्वास दर वेळी एकाच पातळीवर थांबला पाहिजे. गाल दस्त्यावर कमी-जास्त दाबला गेला तर डोळा बॅकसाइटच्या (डोळ्याजवळच्या साइटच्या) भोकामागे वर-खाली होतो. गोळ्या पसरण्याऐवजी हळूहळू एकाच दिशेने खाली उतरत असतील, तर दोष तुझा नाही. रायफलच्या हवेच्या सिलिंडरचं प्रेशर बघ.

उजवीकडे आणि थोड्या खाली जात असतील तर रायफल उजवीकडे कलते आहे. फोरसाइटमधल्या (नळीच्या टोकावरच्या साइटमधल्या) पट्ट्या आडव्या आहेत का ते बघ. थोडा कल चालतो, पण तो दर गोळीला सारखा हवा.

आता वेळ. श्वास थांबवल्यापासून ६ ते ८ सेकंदांत गोळी सुटली पाहिजे. दहा सेकंद झाले की रायफल खाली घे. त्यापुढे थरथर वाढते आणि डोळा जुनंच चित्र धरून बसतो. तुला नेम बरोबर दिसत राहतो पण रायफल हललेली असते. न मारता सोडून दिलेली गोळी फुकट जात नाही, हे मनापासून पटायला हवं. चाप सुटल्यावरही निदान एक सेकंद तसाच उभा राहा. छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो आणि नळीतून बाहेर पडायलाही त्याला काही मिलिसेकंद लागतात. निकाल बघायला मान उचललीस तर ती हालचाल त्याच्या आधी सुरू होते.

घरी ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न भरता नेम धरून चाप दाबण्याचा सराव कर. ५ मीटरवर भिंतीला १५ मिलिमीटरचा काळा ठिपका चिकटव. खऱ्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा असतो, म्हणून निम्म्या अंतरावर निम्मा. उंचीही हिशोबाने ठेव. रेंजवर टार्गेटचा मध्य १.४० मीटरवर असतो. तुझा डोळा १.६० वर असेल तर ठिपका १.५० वर. छर्र्यांचा डबा त्या खोलीत असता कामा नये आणि भिंतीमागून कोणाची ये-जा नको.

एअर रायफलला लायसन्स लागतं का?
– हडपसर

४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला लागत नाही. स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते. तरी बिलाची प्रत आणि ओळखपत्र जवळ ठेवा आणि रायफल बंद केसमधूनच न्या. ५० मीटरच्या .२२ रायफलला मात्र लायसन्स लागतं. पुणे शहरात ते पोलीस आयुक्तालयाकडून मिळतं.

वय ४६, प्रोग्रेसिव्ह चष्मा. आता सुरुवात केली तर चालेल?
– बाणेर

चालेल, फक्त हा चष्मा चालणार नाही. गाल दस्त्यावर टेकल्यावर तुम्ही काचेच्या वरच्या, नाकाजवळच्या कोपऱ्यातून बघता आणि प्रोग्रेसिव्ह काचेत तिथला नंबर तुमच्या कामाचा नसतो. एकाच नंबरची काच करून घ्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की लक्ष साधारण एक मीटरवरच्या फोरसाइटच्या रिंगवर ठेवायचं आहे. बहुतेकांना दूरच्या नंबरात +०.५० मिळवलं की पुरतं. काच नजरेच्या रेषेला काटकोनात हवी, म्हणून पुढे शूटिंगची फ्रेम घ्यावी लागेल. डावा डोळा मिटू नका. पांढुरकी झापड लावा. नियमाने ती ३० मिलिमीटरपर्यंत रुंद चालते.

रिंग सुरुवातीला मोठी ठेवा. काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कड स्वच्छ दिसली पाहिजे. ती लुकलुकायला लागली तर आणखी एक माप वर जा. लहान रिंगने गुण वाढतात हा गैरसमज रेंजवर फार पसरलेला आहे.

सिलिंडर आणि छर्र्यांची काय काळजी घ्यावी?
– सिंहगड रोड

सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. सावकाश भरा, कारण भरभर भरला की तो तापतो आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो. ७०-८० बारवर आला की पुन्हा भरा. ऑक्सिजन कधीही भरू नका. तेल-ग्रीसशी संपर्क आला तर स्फोट होतो. सिलिंडरवर कोरलेली मुदत संपली की तो वापरातून काढा. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओली झालेली केस बंद करून ठेवू नका.

छर्रे ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा डोक्याच्या मापात येतात. रायफल क्लॅम्पमध्ये बसवून प्रत्येक मापाचे दहा-दहा मारून बघा आणि सगळ्यात घट्ट ग्रूप (छिद्रांचा पुंजका) देणारं माप घ्या. डबा ५०० चा असतो. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडून पोळी-भाजी खाऊ नका, मुलांना तर मुळीच खाऊ देऊ नका.

पहिली स्पर्धा आहे. दिवस कसा जातो?
– कर्वेनगर

आधी साहित्याची तपासणी होते. जॅकेट-ट्राउझरच्या कापडाची जाडी एकेरी २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून उसनं जॅकेट असेल तर आठवडाभर आधी मोजून घ्या. मग १५ मिनिटं तयारी आणि सायटर, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या गोळ्या, हव्या तितक्या मारता येतात. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर सव्वा तासात ६० गोळ्या, म्हणजे गोळीला ७५ सेकंद. हा वेळ भरपूर आहे. नवखे तो पहिल्या अर्ध्या तासात उधळतात. एकदा मॅच सुरू झाली की सायटरवर परत जाता येत नाही, म्हणून बॅकसाइटचे क्लिक तिथेच पक्के करा. कोणत्या बाजूला किती क्लिक फिरवल्यावर गोळी किती सरकते ते सरावात मोजून वहीत लिहिलेलं असावं. घाईत अनेक जण नॉब उलटा फिरवतात.

दशांश पद्धतीत एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पहिल्या स्पर्धेत गुणांकडे बघू नका, शेवटच्या दहा गोळ्यांचा ग्रूप पहिल्या दहाइतकाच राहिला का ते बघा. राज्य स्पर्धेतून पुढे मावळणकर स्पर्धा आणि तिथे पात्रता गुण मिळाले की राष्ट्रीय स्पर्धा, असा मार्ग आहे. त्यासाठी प्रत्येक स्पर्धेचं अधिकृत गुणपत्रक जपून ठेवा.