कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा इतिहास किती जुना आहे?

संस्थानकाळाइतका जुना! छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये हा विमानतळ सुरू झाला. देशातल्या कितीतरी मोठ्या शहरांनाही तेव्हा विमान ठाऊक नव्हतं, म्हणून मला या दूरदृष्टीचं फार मोल वाटतं. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी महाराज गेले.

नंतर विमानसेवा कधी सुरू, कधी बंद. २०११ च्या सुमारास ती पार थांबली आणि मुंबई गाठायला पुन्हा महालक्ष्मी एक्सप्रेस नाहीतर रात्रीची बस. २०१३ मध्ये विमानतळ एमआयडीसीकडून भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेला, २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या 'उडान' या छोट्या शहरांसाठीच्या विमानसेवा योजनेतून विमानं परतली. दगडी कमानींची नवी टर्मिनल इमारत मार्च २०२४ ची. ती जरूर बघा, अस्सल कोल्हापुरी आहे.